रस्ता आणि कायदा (लेखांक ७) : धडकेनंतरचा पहिला तास

गेल्या आठवड्यात विमा पॉलिसीतल्या कलमांचा पसारा पाहिला. आज ती पॉलिसी गाडीच्या कप्प्यातच राहू द्या. धडक झाल्यावर तिची गरज सगळ्यांत शेवटी लागते.

आपल्याकडे मात्र क्रम बरोबर उलटा असतो. चालक उतरतात, आधी बंपर बघतात, मग एकमेकांची अक्कल काढतात. तोवर बघ्यांतले दोघं-चौघं न्यायाधीश झालेले असतात, आणि मागच्या सीटवरच्या आजींच्या कपाळातून रक्त येतंय हे कोणाच्या तरी फार उशिरा लक्षात येतं. मोटार वाहन कायद्याच्या १३४व्या कलमाने क्रम ठरवून दिला आहे : आधी जखमी, मग पोलीस, मग विमा कंपनी. चूक कोणाची, याचा त्या कलमात उल्लेखसुद्धा नाही. उलट्या दिशेने आलेला दुचाकीस्वार तुमच्या गाडीवर आदळला तरी त्याला उपचार मिळावेत म्हणून धडपडणं हे तुमचं कायदेशीर कर्तव्यच आहे.

पण जखमींकडे धावण्याआधी मागून काय येतंय ते बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धीवर मोठा धोका असतो तो दुसऱ्या धडकेचा. पार्किंगचे चारही दिवे सुरू करा. लाल त्रिकोण निदान पन्नास मीटर मागे ठेवा. द्रुतगती मार्गावर, जमत असेल तर, आणखी लांब. ज्यांना चालता येतंय त्यांना लोखंडी कठड्यापलीकडे उभं करा. गाड्यांच्या मधोमध उभं राहून फोनवर बोलणारी माणसं बघितली की माझ्या तरी पोटात गोळा येतो.

फोन करायचा तो १०८ ला. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिचे पैसे लागत नाहीत. पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. ठिकाण सांगताना रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि तुम्ही कोणत्या दिशेला चालला होता, हे दोन्ही सांगा. ‘घाटात, त्या वळणाच्या पुढे’ एवढ्यावर गाडी वेळेत पोचत नाही.

रुग्णवाहिका येईपर्यंत काय करू नये, हे आधी सांगितलेलं बरं. हातपाय धरून उचलायचं आणि रिक्षात किंवा टेम्पोत टाकायचं, ही आपल्या भल्या माणसांची घाई जखमीच्या मानेच्या मणक्याला महाग पडू शकते. गाडी पेटली असेल किंवा तिथेच थांबणं जिवावर बेतणार असेल, तरच हलवा. हेल्मेट ओढून काढू नका. पाणी पाजू नका. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या घशातून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, शिवाय शस्त्रक्रियेची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल, ओढणी, जे हाताशी असेल ते जखमेवर घट्ट दाबून धरा आणि दर मिनिटाला उचलून बघू नका. काच किंवा सळई घुसली असेल तर ती तशीच राहू द्या.

रुग्णालयाने ‘ही पोलीस केस आहे, आधी पोलिसांना आणा’ असं म्हणणं बेकायदा आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ सालीच स्पष्ट केलं. पैशांचीही सोय आता झाली आहे : मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळतात. ही गोष्ट अनेक नातेवाइकांना माहीत नसते. तेव्हा काउंटरवर या योजनेबद्दल विचारा.

मदत करणाऱ्याला पोलीस छळतील, ही भीती जुनी आहे आणि ती निराधारही नव्हती. म्हणूनच २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १३४-अ हे कलम आलं. जखमीला पोचवणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे त्याने ठरवायचं. हे हक्क रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावायचा नियमही आहे. पुढच्या वेळी गेलात तर फलक दिसतो का ते जरूर बघा.

आता चालकाचं. जमाव चिडलेला असेल तर थांबू नये, असं म्हटलं की लोक दचकतात. पण कायद्यानेच जमावाच्या रोषाचा अपवाद मान्य केला आहे. मात्र तो पळून जाण्याचा परवाना नव्हे. तिथून निघालात तर सरळ जवळचं पोलीस ठाणं गाठायचं. खबर शक्य तितक्या लवकर आणि काही झालं तरी चोवीस तासांच्या आत द्यावीच लागते.

जखमींची सोय लागली की मगच मोबाइलचा कॅमेरा काढा. गाड्या हलवण्यापूर्वी दोन्ही नंबरप्लेट, टायरच्या खुणा, रस्त्याची अवस्था, आजूबाजूचे सीसीटीव्ही यांचे फोटो घ्या. जखमी माणसांचे नकोत.

राहिलं ते ‘आपसात मिटवून टाकू’. नुसता पत्रा चेपला असेल तर खुशाल मिटवा. कोणाला मार लागला असेल तर अजिबात नाही. डोक्याचा मार कित्येकदा काही तासांनी बोलू लागतो, आणि तोवर समोरचा माणूस पाचशेच्या चार नोटा देऊन निघून गेलेला असतो. पोलिसांकडे नोंद नसेल तर पुढे भरपाई मागताना मोठी अडचण होते. ती भरपाई न्यायाधिकरणाकडे कशी मागायची, हे पुढच्या लेखांकात.

तोपर्यंत एकच करा : डिकी उघडून लाल त्रिकोण आहे ना, ते बघा. पुष्कळ गाड्यांमध्ये तो स्टेपनीखाली प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच आलेला नसतो.