मेस्सीला बघायला गेलेला खलाशी



डिझेलची सबसिडी, लायसनचं रिन्युअल, हवामानाचा इशारा, हे सगळं या पेजवर नेहमीच येतं. आज विषय वेगळा आहे. पण सुरुवात आपल्याच बंदरावर झाली, म्हणून लिहितोय.

गेल्या डिसेंबरात आपल्या एका सभासदाच्या बोटीवर चांगलंच वाजलं. बोट शनिवारी, 13 तारखेच्या भरतीला निघणार होती. बर्फ भरला, डिझेल भरलं, जाळी चढवली. आणि खलाशांपैकी एक पोरगा, नाखवाचा सख्खा भाचा, म्हणाला, "मामा, मी या फेरीला नाही. उद्या मुंबईत मेस्सी येतोय, माझं तिकीट आहे."

मामाचा पारा चढला. एक माणूस कमी म्हणजे जाळं ओढताना बाकीच्यांची कंबर मोडणार. त्यात सीझन आधीच मंदा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिकिटाचे पैसे पोराने सीझनच्या उचलीतून घातले होते. किती, ते इथे लिहीत नाही. त्याच्या आईलाही पूर्ण आकडा माहीत नाही. उचल घरखर्चाला असते, बहिणीच्या फीला असते, आणि ती कामातून फेडायची असते. मामाने मला फोन लावला, "सेक्रेटरी, तुम्हीच याला हे वेड लावलंत. आता तुम्हीच समजवा."

आरोप खोटा नव्हता. तो किस्सा पुढे सांगतो.

त्याच शनिवारी दुपारी कोलकात्याचे व्हिडिओ मोबाईलवर यायला लागले. तुम्हीही पाहिले असतील. सॉल्ट लेक स्टेडियममध्ये लोक हजारो रुपयांची तिकिटं काढून बसले होते. मेस्सी आला, बरोबर सुआरेझ आणि डी पॉल होते. पण त्याच्याभोवती पुढारी, अधिकारी, त्यांची माणसं, फोटोवाले यांचा असा गराडा पडला की वरच्या गॅलरीतून माणूसच दिसेना. थोड्याच वेळात त्याला बाहेर नेलं. मग लोकांनी बाटल्या फेकल्या, खुर्च्या उपटल्या, मैदानात उतरले. मुख्यमंत्री ममता बॅनर्जींना जाहीर माफी मागावी लागली, चौकशी लागली, आयोजकाला अटक झाली.

मामाने तो व्हिडिओ भाच्यासमोर धरला. "बघ. ह्याच्यासाठी फेरी सोडतोस?"

पोरगा काही बोलला नाही. रात्रीच्या गाडीने निघून गेला.

खुर्च्या फेकणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. पण त्यांचा राग मला समजतो. कोलकात्याची तहान जुनी आहे. 24 सप्टेंबर 1977 ला पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाबरोबर ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळला होता, सामना 2-2 सुटला. ते बघितलेली माणसं अजून नातवंडांना सांगतात. 2008 ला मॅराडोना आला. 2011 च्या सप्टेंबरात हाच मेस्सी याच सॉल्ट लेकवर अर्जेंटिनाकडून व्हेनेझुएलाविरुद्ध खेळला, 1-0 जिंकले. तेव्हा तो खेळायला आला होता, पूर्ण सामना लोकांसमोर पळत होता. या वेळी तो नुसता दिसायला आला, आणि तेवढंही धड जमलं नाही. फरक तिथेच आहे.

गोव्याचंही घ्या. गेल्या ऑक्टोबरात एफसी गोवाचा सामना रोनाल्डोच्या अल नस्र संघाशी फातोर्ड्यात ठरला. रोनाल्डो येणार या आशेवर लांबलांबच्या लोकांनी तिकिटं काढली. 22 तारखेला संघ खेळला, रोनाल्डो आला नाही. 2023 च्या नोव्हेंबरात नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटी विरुद्ध अल हिलाल झाला, तेव्हाही तसंच. नेमार तीनेक आठवडे आधी गुडघा मोडून बसला होता, तो येणार कसा? ज्यांनी नुसत्या त्याच्यासाठी तिकीट काढलं ते हळहळले. पण फातोर्ड्यात जे शेवटपर्यंत बसले त्यांना वेगळंच काही मिळालं. गोव्याचाच पोरगा ब्रायसन फर्नांडिस, त्याने अल नस्रवर गोल मारला. गोवा 1-2 हरलं, पण तो गोल बघायला मिळणं ही काय लहान गोष्ट आहे?

आता माझ्यावरच्या आरोपाकडे येतो.

2018 चा जून. 1 तारखेला बंदी लागली, बोटी वर ओढल्या, पोरं रिकामी. त्याच दिवशी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारत चायनीज तैपेईशी खेळला. भारताने 5-0 ने धुतलं, सुनील छेत्रीने तीन गोल मारले, आणि बघायला माणसं किती? अडीच हजार. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक व्हिडिओ टाकला. हात जोडून म्हणाला की या, आम्हाला शिव्या द्या, ओरडा, टीका करा, पण मैदानात या. युरोपातले क्लब बघणाऱ्यांना तर त्याने सरळ सांगितलं की आमचा खेळ त्या दर्जाचा नाही हे मान्य, तरी तुमचा वेळ वाया जाऊ देणार नाही.

आपल्या देशाचा कप्तान असं हात जोडून बोलतोय हे बघून मला कसंतरीच झालं. आपणही बाजारात मासळी घेऊन बसतो. माल ताजा असताना गिऱ्हाईक पुढे निघून गेलं की कसं वाटतं ते आपल्याला सांगायला नको.

रविवारी सकाळी मोबाईलवर तीन तिकिटं काढली. या भाच्याला घेतलं, तेव्हा तो चौदा वर्षांचा, आणि शेजारचा एक पोरगा. सोमवारी, 4 जूनला, पहाटे फ्लाईंग राणी पकडली, तेव्हा ती डबलडेकर होती. पोरांनी वरच्या मजल्यावर बसायचा हट्ट केला आणि पालघर येईपर्यंत दोघंही झोपले.

अंधेरीला संध्याकाळी बघतो तर गेटबाहेर रांगच रांग. सगळी तिकिटं संपलेली. विराट कोहली, सचिन तेंडुलकर यांनीही लोकांना जायला सांगितलं होतं, त्याचा परिणाम. समोर केनिया, आणि छेत्रीचा देशासाठी शंभरावा सामना. सुरू होण्याआधी बायचुंग भुतिया आणि आय. एम. विजयन यांच्या हस्ते त्याचा सत्कार झाला.

आणि मग पाऊस. मुंबईचा पहिला पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मैदानात पाणी साचलं, चेंडू जागेवर थांबायला लागला. आमच्या पोरांना काय, आयुष्य पाण्यातच गेलेलं. पण माझ्या शेजारी चांगल्या कपड्यातले लोक बसले होते, तेही उठले नाहीत. अर्ध्या वेळेपर्यंत 0-0. मग 68 व्या मिनिटाला पेनल्टी, छेत्रीने मारली. तीन मिनिटांत जेजेने दुसरा. आणि अगदी शेवटी छेत्रीने पुन्हा, गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद. 3-0.

सामना संपल्यावर खेळाडू आत पळाले नाहीत. मैदानभर फिरून प्रत्येक बाजूच्या लोकांसमोर आले, टाळ्या वाजवल्या, लोकांनी त्यांच्याबरोबर वाजवल्या. आमची दोन्ही पोरं कठड्याला लटकलेली. एक राखीव खेळाडू, मॅचमध्ये एक मिनिटही न खेळलेला, त्याने जवळ येऊन भाच्याच्या हाताला हात लावला. नाव आम्हाला तेव्हाही कळलं नाही. पोरगा रात्रीच्या गाडीत तो हात मुठीत धरून बसला होता. मी म्हटलं, अरे हात धू, वडापाव खायचाय. तर नाही म्हणाला, डाव्या हाताने खाल्ला.

आठवड्याने, 10 तारखेला, फायनलमध्ये छेत्रीने केनियावर आणखी दोन मारले. त्याचे देशासाठी 64 गोल झाले, त्या दिवशी मेस्सीचेही तेवढेच होते. भाच्याने हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. मेस्सीचं वेड तिथून लागलं म्हणा, म्हणजे मामा म्हणतो ते खरंच.

मधे एक सांगायचं राहिलं, आणि हे जरा लक्ष देऊन वाचा. मेस्सीच्या दौऱ्याआधी आपल्याच ओळखीच्या एका ग्रुपवर मेसेज फिरत होता की थेट भेट आणि फोटो करून देतो, अर्धे पैसे आधी पाठवा. एका बोटमालकाने मुलासाठी पाठवले. नंबर दुसऱ्या दिवशी बंद. सायबर पोलिसांत तक्रार केली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. फसवणूक झाली तर 1930 वर लगेच फोन करायचा असतो, जितका उशीर तितकी आशा कमी. त्यांनी लाजेपोटी चार दिवस कुणाला सांगितलं नाही, तिथे घोळ झाला. म्हणून सांगतो, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज त्या नंबरवाल्याला वाटायला हवी.

आणि खेळाडूला भेटायला दर वेळी एवढा खर्च लागतो असंही नाही. माझी मेव्हणी कोल्हापुरात दिली आहे. तिथे छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ अशा तालमींचे संघ खेळतात. तालीम कुस्तीची, आणि संघ फुटबॉलचा, हे फक्त कोल्हापुरातच. पाटाकडील आणि शिवाजीचा सामना असला की अर्धं गाव एकमेकांशी बोलत नाही. पण तिथला खेळाडू बऱ्याचदा त्याच पेठेतला असतो. काल गोल चुकवला तर आज सकाळी दूध आणायला गेल्यावर चार म्हातारे त्याला अडवून हिशोब मागतात. मी स्वतः ऐकलंय, कट्ट्यावरचे एक आजोबा एका सेंटर फॉरवर्डला त्याच्या आईची शपथ घालत होते की उद्या डाव्या पायाने मारू नकोस. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं! 2017 ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा, रिक्षाचालकाचा मुलगा.

आपल्याकडे सुरतेत तसं वातावरण नाही, हे खरं आहे. आपली पोरं बंदरावर क्रिकेट खेळतात. पण मुंबई सिटीचा सामना अंधेरीला असतो तेव्हा चार-पाच तासांचा तर रस्ता आहे, आणि बाहेर पडताना खेळाडूंची बस दिसते. नुसता मोबाईलवर फोटो बघण्यापेक्षा ते बरं.

तर भाचा. रविवारी 14 तारखेला वानखेडेवर गेला. सोमवारी सकाळी परत आला आणि सरळ माझ्या ऑफिसात. मी चहा मागवला.

"दिसला का रे?"

"दिसला काका. लांबून. एवढासा." त्याने करंगळीचं पेर दाखवलं. "पण कोलकात्यासारखं नाही झालं. मैदानात फिरला, पब्लिकमध्ये बॉल मारले. सचिनने त्याला आपला वर्ल्डकपचा टीशर्ट दिला. राज्य सरकारच्या महादेवा योजनेतली लहान पोरं-पोरी त्याला भेटली."

मग थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, "काका, छेत्री पण आला होता. मेस्सीला भेटला. सगळे मेस्सी मेस्सी करत होते, मी एकटा छेत्री छेत्री ओरडत होतो. बाजूवाले हसले. पण मला तो ओळखीचा वाटला. पावसात बघितला होता ना."

मला काही बोलता येईना. चहा थंड झाला.

बोट बुधवारी आली. माल बेताचाच होता. मी भाच्याला घेऊन बंदरावर गेलो, म्हटलं दोघांचं समोरासमोर होऊन जाऊ दे. माझं म्हणणं मी दोघांनाही सांगितलं. पोराचं चुकलं. जायचं होतं तर दोन आठवडे आधी सांगायचं, दुसरा माणूस बघता आला असता, आणि उचलीला हात लावायचा नव्हता. पण मामाचंही एक चुकलं, वर्षभर पोरगा एकही सुट्टी न घेता बोटीवर होता, हे ते रागात विसरले. ठरलं असं की तिकिटाचे पैसे सीझन संपेपर्यंत त्याच्या वाट्यातून थोडे थोडे कापायचे, आणि चुकलेल्या फेरीचा वाटा नाही. पोरगा लगेच हो म्हणाला. गेल्या महिन्यात मी वही बघितली, बरेचसे फिटले आहेत.

यंदा वर्ल्डकप 11 जूनपासून अमेरिका, मेक्सिको, कॅनडात आहे. बंदीचेच दिवस. बरेच सामने आपल्याकडे रात्री उशिरा आणि पहाटे दिसतील, 19 जुलैची फायनल आपल्याकडे 20 च्या रात्री साडेबाराला. ऑफिसच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही लावायचा विचार आहे. ज्यांना यायचं त्यांनी नावं द्या. चहाचा खर्च वर्गणीतून, आणि पोरांनी दुसऱ्या दिवशी जाळी विणायच्या वेळी झोपा काढायच्या नाहीत.

आणि हो, त्या बुधवारी मासळी उतरवून झाल्यावर मामाने टोपलीवर बसून बिडी पेटवली. भाचा बर्फाचा चुरा बाहेर काढत होता. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मामाने त्याच्याकडे न बघताच विचारलं, "काय रे, खरंच एवढा बुटका आहे का तो?"