घाटात अडकलेले इंजिन

आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांकडे 1948 सालची शेव्हरोले मोटार आहे. त्यांच्या आजोबांनी ती वापरली आणि पुढे कित्येक वर्षे ती पडवीत धूळ खात उभी होती. काही वर्षांपूर्वी त्यांनी तिचे इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधून घेतले. गाडी कोल्हापुरात उत्तम चालली. परंतु रत्नागिरीहून परतताना आंबा घाटाच्या चढावर इंजिन एकाएकी आवळले आणि बंद पडले. हँडल लावून पाहिले, तर ते तसूभरही फिरेना. तासाभराने इंजिन निवले आणि तेच हँडल सहज फिरू लागले!

तापल्यावर अडकणारे आणि निवल्यावर सुटणारे हे इंजिन म्हणजे आठवीच्या पुस्तकातला उष्णतेच्या प्रसरणाचा धडाच आहे. तो कसा, ते पाहू.

जनरल मोटर्स कंपनीने 1928 साली मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली होती. 1954 साली ती बंद झाली. गाड्या राहिल्या, पण सुट्या भागांचा पुरवठा आटला. अशा वेळी मालकापुढे दोनच वाटा उरतात: इंजिन किंवा त्याचे भाग परदेशातून मागवणे, नाही तर आहे ते इंजिन येथेच दुरुस्त करणे. कोल्हापुरात दुसरी वाट जवळची वाटते. शेतीपंपांच्या ऑईल इंजिनांचे आणि मोटारींचे भाग ओतण्यात, कातण्यात येथील फौंड्र्यांची आणि शिवाजी उद्यमनगरातील मेस्त्रींची हयात गेली आहे.

आता इंजिनाकडे वळू. या शेव्हरोलेच्या इंजिनात सहा सिलिंडर असतात. सिलिंडरचा व्यास साडेतीन इंच, म्हणजे 88.9 मिलिमीटर, आणि दट्ट्याची, म्हणजेच पिस्टनची, धाव पावणेचार इंच. यावरून इंजिनाची एकूण धारिता 3,548 घनसेंटिमीटर येते. विद्यार्थ्यांनी वृत्तचितीच्या सूत्राने हा आकडा जरूर पडताळावा.

इंजिन जुने झाले म्हणजे नेमके काय होते? ओतीव लोखंडाचा ठोकळा तडकलेला नसेल, तर तो बहुतांशी जसाच्या तसा असतो. झीज होते ती सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागाची, आणि तीही सर्वत्र सारखी नसते. सर्वांत जास्त झीज वरच्या टोकाशी होते. तेथे उष्णता अधिक असल्याने तेल पातळ होते. जळत्या वायूंचा दाब पिस्टनच्या कड्यांना भिंतीवर रेटतो. शिवाय दिशा बदलताना दट्ट्या क्षणभर थांबतो. तेलाचा पापुद्रा टिकतो तो हालचालीमुळे. हालचाल थांबली की धातू धातूला भिडतो. त्यामुळे जुना सिलिंडर वर किंचित रुंद आणि खाली अरुंद होतो.

ही झीज डोळ्यांना दिसत नाही. ती मोजावी लागते. कारखान्यात यासाठी इंचाचा हजारावा भाग हे माप वापरतात. मेस्त्री त्याला ‘थाऊ’ म्हणतात. एक थाऊ म्हणजे सुमारे 0.025 मिलिमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. सिलिंडरची झीज दहा थाऊ असली, तरी इंजिन धूर ओकू लागते आणि तेल पिऊ लागते.

त्यावरचा उपाय म्हणजे रीबोरिंग. सिलिंडर आतून कातून पुन्हा अचूक गोल आणि सरळ करायचा, आणि त्यात तेवढाच मोठा पिस्टन बसवायचा. आमच्या स्नेह्यांनी पहिल्या वेळी सिलिंडर 30 थाऊंनी मोठे करून घेतले. त्या मापाचे पिस्टन हाताशी नव्हते. म्हणून जुना पिस्टन नमुना धरून सहा नवे पिस्टन ओतून, कातून घेण्यात आले. आकार हुबेहूब होता. सिलिंडर आणि पिस्टन यांच्यामधील फटही जुन्या इंजिनाप्रमाणेच, मोजून, दोन थाऊ ठेवली होती.

चूक झाली ती धातूत. मूळचे पिस्टन ओतीव लोखंडाचे होते आणि नवे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. ओतीव लोखंड एका अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे 11 दशलक्षांश इतके प्रसरण पावते. पिस्टनचा मिश्रधातू सुमारे 20 दशलक्षांश. 88.9 मिलिमीटर व्यासाचा पिस्टन 100 अंशांनी तापला, तर लोखंडाचा व्यास सुमारे 0.10 मिलिमीटरने वाढेल आणि ॲल्युमिनियमचा 0.18 मिलिमीटरने. फरक 0.08 मिलिमीटर, म्हणजे तीन थाऊ. एका केसाचे अंतर! दोन थाऊंच्या फटीत ते मावणार कसे? सिलिंडरही तापून थोडा रुंदावतो. परंतु भोवती पाणी खेळत असल्याने तो पिस्टनइतका तापत नाही. सपाटीवर हे कसेबसे निभावले. घाटात इंजिनावर भार वाढला, पिस्टन आणखी तापले आणि फट संपली. निवल्यावर पिस्टन आकसले आणि इंजिन सुटले. मात्र तोवर सिलिंडरच्या भिंतींवर खोल ओरखडे उमटले होते.

मग ॲल्युमिनियम वापरूच नये काय? तसे नाही. ते हलके असते, उष्णताही लवकर वाहून नेते. म्हणूनच आजच्या मोटारींचे पिस्टन बहुधा ॲल्युमिनियमचेच असतात. पण ते काटेकोर गोल नसतात. किंचित लंबगोल असून वरच्या बाजूला निमुळते असतात. तापल्यावर ते हवा तो आकार घेतात. नुसत्या बाह्य आकाराची नक्कल केली, तर हे शहाणपण निसटते.

दुसऱ्या वेळी क्रम बदलला. अमेरिकेत या जुन्या इंजिनांचे भाग आजही नव्याने बनतात. तेथून 40 थाऊ मोठे सहा पिस्टन मागवले. ते हाती आल्यावर आधी तराजूत तोलून वजने सारखी केली, मग प्रत्येकाचा व्यास मायक्रोमीटरने मोजला, आणि त्यानंतरच एकेक सिलिंडर त्या त्या पिस्टनसाठी, बनवणाऱ्याने सांगितलेली फट ठेवून, उद्यमनगरात कातला. ओरखडेही त्या कातकामात निघून गेले. नव्या व्यासाने धारिता 3,630 घनसेंटिमीटर झाली, म्हणजे सुमारे 2.3 टक्के वाढ. सिलिंडर आणखी मोठे करायला मात्र आता फारसा वाव नाही. ठोकळ्याची भिंत काही पुन्हा जाड होत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हे इंजिन त्या काळच्या पेट्रोलसाठी बनले होते. पेट्रोलमधील शिशाची संयुगे झडपांच्या बैठकीवर साचून तिचे झिजण्यापासून रक्षण करीत. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले आणि ते योग्यच झाले, कारण शिसे मुलांच्या मेंदूला घातक आहे. म्हणून आता झडपांखाली कठीण पोलादाची कडी बसवून घेतात. आज पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल जुन्या रबराला खराब करते आणि हवेतील पाणी शोषून घेते. तेव्हा इंधनाच्या नळ्या आणि पंपातील पडदाही बदलावा लागतो.

दुसरेच इंजिन आणून बसवणे सोपे नाही काय? कधी कधी सोपे असते. पण इंजिनाचा क्रमांक नोंदणीच्या कागदावर असतो, त्यामुळे बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. शिवाय 2021 सालच्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करायची, तर ती मूळ स्वरूपात असावी लागते.

वर्गात यावर एक सोपा उपक्रम करता येईल. एखाद्या गॅरेजमधून टाकाऊ पिस्टन आणावा. व्हर्निअर कॅलिपरने त्याचा व्यास वर, मध्ये आणि खाली, तसेच दोन काटकोनी दिशांनी मोजावा. मग तो पिस्टन उकळत्या पाण्यात ठेवून, चिमट्याने बाहेर काढून, पटकन पुन्हा मोजावा. वाढ किती अपेक्षित आहे, याचे गणित विद्यार्थ्यांकडून आधीच करून घ्यावे. व्हर्निअरवर ती वाढ जेमतेम कळेल. मेस्त्री मायक्रोमीटर का वापरतात, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.

आमच्या स्नेह्यांची शेव्हरोले त्यानंतर आंबा घाट दोनदा चढून आली आहे.