घराची दुरुस्ती व संसाराचा व्याप

नोकरी, मुलांचे अभ्यास व स्वयंपाकपाणी यांच्या रगाड्यांत घराच्या दुरुस्तीस वेळ कोठून आणावा, असा प्रश्न पुष्कळ गृहस्थांस पडतो. परंतु अशा कामांत हात चालविण्याचा वेळ थोडा आणि वाट पाहण्याचा वेळ फार, हें ध्यानीं घेतलें म्हणजे अर्धी अडचण दूर होते.

ओल आलेल्या विटांच्या भिंतीचें उदाहरण घेऊं. प्रथम छपर पाहावें. गळती न थांबवितां दिलेली सफेती टिकत नाहीं. बासेल मिशननें मंगळूर येथें १८६५ सालीं ज्यांचा कारखाना काढला, तीं कौलें एकमेकांत अडकणारीं असल्यामुळें फुटलेलें एकच कौल थोड्या वेळांत बदलतां येतें. नंतर सुटलेला गिलावा काढून नवा सिमेंटचा गिलावा करावा. तो निदान ७ दिवस ओला ठेवावा लागतो. सकाळसंध्याकाळ पाणी मारण्याचें काम मोठीं मुलें आनंदानें करितात. कळीचा चुना विरवितांना मात्र तो उकळतो व डोळ्यांत उडाल्यास दृष्टि जाण्याचें भय असतें. म्हणून तें काम मुलें शाळेंत असतां जाणत्या माणसानें करावें. गिलावा वाळल्यावर गाळलेल्या चुन्याचे पातळ हात द्यावे. हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना सावकाश घट्ट होतो. एक हात वाळेपर्यंत घरचीं कामें उरकतात.

एक खोली पुरी झाल्यावांचून दुसरीस हात लावूं नये, म्हणजे मुलांस निजावयास व अभ्यासास जागा राहते. घर माणसांसाठीं आहे. भिंती उजळल्या, पण त्यापायीं माणसें एकमेकांवर खेकसूं लागलीं, तर त्या सफेतीचा काय उपयोग?