पानं फुटली म्हणजे काडी लागली नव्हे
परसबागेतला गुलाब : लेखांक ५

मागच्या आठवड्यात जागा आणि माती पाहिली. आता काडी. जुन्नर-आंबेगावच्या बागायतदाराला खरं तर या विषयात नवं फार थोडं आहे. ज्यानं डॉगरिजचे खुंट लावून त्यावर द्राक्षाचं कलम केलंय, त्याला डोळा, काडीची पक्वता, भुरी, पीपीएम हे सगळं तोंडपाठ असतं. तरी त्याच्याच अंगणातला गुलाब मरतो, कारण बागेतल्या काडीला जे लक्ष मिळतं ते अंगणातल्या काडीला मिळत नाही. पाहुण्यांकडून आणली, कुंडीत खोचली, झालं!

आधी वाण. सगळ्यात सोपा आपला गुलकंदाचा गावठी गुलाबी. वेली गुलाब आणि बटण गुलाबही सहसा दगा देत नाहीत. १९५५ साली आलेला आणि महाराष्ट्रात उघड्या शेतात वर्षानुवर्षं टिकलेला ग्लॅडिएटरही काडीवर येतो. पण लावाल तेवढ्या सगळ्या काड्या लागतील असं समजू नका. बुकेतल्या डच गुलाबाचा नाद मात्र सोडावा. तळेगाव दाभाड्याकडच्या पॉलिहाउसमधून निघालेला तो दांडा शीतगृह, गाडी, बादली असं फिरत नारायणगावच्या मंगल कार्यालयात पोचतो, तोवर त्याच्या अंगातला अन्नसाठा बराच आटलेला असतो. चुकून लागलाच तर पॉलिहाउसमधला जोमदार खुंट त्याला इथे नसतो. उघड्यावर भुरी आणि लाल कोळी त्याला पुरे करतात.

काडीवरच्या झाडाचा एक फायदा नर्सरीतल्या कलमाला नाही. ‘आमचा लाल गुलाब चार वर्षांत गावठी झाला’ ही तक्रार मंचरपासून ओतूरपर्यंत ऐकू येते. गुलाब बदललेला नसतो. वरचं कलम मेलेलं असतं आणि खालच्या खुंटाचे धुमारे वाढलेले असतात. काडीच्या झाडाला वेगळा खुंटच नाही. जमिनीतून येणारा प्रत्येक धुमारा त्याच वाणाचा, तो बिनधास्त वाढू द्यावा.

हंगाम मात्र दोन्ही तालुक्यांत गावागणिक बदलतो. आहुपे, भीमाशंकरच्या बाजूला जुलैत काडी लावणं म्हणजे कुजवणंच. तिकडे पाऊस ओसरेपर्यंत थांबावं. बेल्हे, आणे पठाराकडे श्रावणातली रिमझिम उलट कामाची. बाकी सगळीकडे ऑक्टोबरच्या मध्यानंतर, गुलाबाच्या छाटणीबरोबरच हे काम उरकावं. डिसेंबरच्या गारठ्यात मुळं धरायला फार वेळ लागतो, आणि एप्रिल-मे तर विसराच.

फूल गळून गेलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडा. तिच्यावरचा काटा अंगठ्यानं बाजूला दाबला की कट्कन तुटला पाहिजे. वाकत असेल तर काडी कोवळी आहे. लांबी वीतभर, डोळे तीन-चार. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरपा, वरचा काप डोळ्याच्या थोडा वर आणि सरळ. ही खूण ठेवली की काडी उलटी लागत नाही. उलटी लागलेली काडी मुळं धरत नाही, हे डॉगरिज लावणाऱ्यांना सांगायला नको. कात्री स्पिरिटनं पुसा. वरचं एक पान अर्धं ठेवा, बाकीची काढा. दोन डोळे मातीत जाऊ द्या.

माध्यमात शेणखत नको. निम्मी वाळू आणि निम्मं कोकोपीट, तेच ज्यात टोमॅटोची रोपं येतात. नदीकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात काडीचं बूड काळं पडतं. मुळं फुटायला आयबीए मदत करतं. हजार पीपीएमच्या द्रावणात बूड काही सेकंद बुडवलं तरी पुरतं. पण बागायतदाराच्या खोलीत हाताशी असतं जीए. ते चुकूनही वापरू नका, जिबरेलिनमुळे मुळं फुटणं उलट अडतं. बटाट्यात काडी खोचायचा जो व्हिडिओ फोनवर फिरतो, त्यात शेवटी बहुधा बटाटाच कुजतो. कोरफडीचा गर लावायचा तर लावा, तोटा नाही.

आता खरी गोची. पंधरा-वीस दिवसांत डोळे फुटतात, लालसर पानं येतात, घरात आनंदीआनंद होतो आणि काडी उचलून वाफ्यात लावली जाते. आठवड्यात ती वाळते. ती पानं काडीतल्या साठ्यावर आलेली असतात. खाली अजून फक्त पांढरट गाठ, कॅलस, धरलेला असतो. मुळं यायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. ओढून बघण्याचा मोह तर अजिबात नको, कोवळी मुळं तिथेच तुटतात. शेडनेटखाली ठेवा, माती ओलसर राहील इतकंच पाणी द्या, आणि कुंडीच्या भोकातून मुळं दिसेपर्यंत जागा बदलू नका. दरम्यान कळी आली तर खुडा. मन होत नाही, ठाऊक आहे, तरी खुडा.

लागवडीनंतरची दुखणी ओळखीची आहेत. युरोपात द्राक्षाच्या ओळींच्या टोकाला गुलाब लावायची जुनी रीत आहे, भुरीची आगाऊ वर्दी मिळावी म्हणून. गुलाबाच्या भुरीची बुरशी द्राक्षाच्या भुरीहून वेगळी. एकाची दुसऱ्याला लागत नाही, मात्र हवामान दोघींना साधारण सारखंच मानवतं. पाण्यात विरघळणारं गंधक दोन्हीकडे चालतं, फक्त तापत्या उन्हात नको. बागेच्या टाकीत उरलेलं औषध ‘वाया कशाला’ म्हणून गुलाबावर मारणं मला मंजूर नाही. त्यात काय काय मिसळलंय हे संध्याकाळी कुणालाच आठवत नसतं. छाटलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली येऊ लागली, तर आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत कापा आणि बोर्डो पेस्ट लावा. काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं, म्हणून पाणी सकाळी आणि बुडाशी. संध्याकाळी पाइपनं झाड धुणं बंद करा.

पुढच्या आठवड्यात : गावठी खुंटावर डोळा भरणं.