स्नोच्या डोक्यातून दिसणारं पॅनेम

‘द हंगर गेम्स’ आवडली असेल, तर सुझॅन कॉलिन्स यांची ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ (२०२०) वाचाच. कथा त्या मालिकेची नायिका कॅटनिस हिच्या गोष्टीच्या ६४ वर्षं आधीची आहे. पुढे पॅनेम या काल्पनिक देशाचा क्रूर अध्यक्ष होणारा कोरिओलेनस स्नो इथे १८ वर्षांचा विद्यार्थी आहे. घराणं मोठं, पण युद्धानंतर घरात पैसा उरलेला नाही. कोबीच्या सूपवर दिवस काढायचे आणि बाहेर श्रीमंती मिरवायची.

दहाव्या हंगर गेम्समध्ये, म्हणजे त्या देशातल्या जीवघेण्या स्पर्धेत, तो डिस्ट्रिक्ट १२ची गायिका ल्यूसी ग्रे हिचा मार्गदर्शक होतो. तेव्हा हा खेळ अगदी ओबडधोबड होता. स्पर्धकांना चक्क प्राणिसंग्रहालयातल्या माकडांच्या पिंजऱ्यात ठेवतात! लोकांनी स्पर्धकांवर पैज लावावी, त्यांना अन्न पाठवावं, ही कल्पना स्नोचीच. वाचताना अंगावर काटा येतो, कारण तोवर आपण त्याच्या बाजूने झालेलो असतो.

खरी करामत निवेदनात आहे. कॅटनिस स्वतः ‘मी’ म्हणून बोलते. इथे निवेदन तृतीयपुरुषी आहे, तरी ते स्नोच्या मनाबाहेर कधी जात नाही. प्रत्येक स्वार्थाला त्याच्याकडे पटेलसं कारण तयार असतं. ल्यूसीवरच्या प्रेमातही ‘ती माझी’ हा मालकीचा सूर आहे, तो नीट ऐका. त्याचा वर्गमित्र सेजानस तीच क्रूरता पाहून बंड करतो, म्हणून स्नोचा भूतकाळ ही मला सबब वाटत नाही.

तिसरा भाग जरा संथ आहे, पण सोडू नका. २०२३चा चित्रपट मात्र पुस्तकानंतरच पाहा. स्नोचं हे मनातलं बोलणं त्यात फारसं उतरलेलं नाही.