पोट सारखं फुगतंय? दर वेळी गॅसच असेल असं नाही. अंडाशयाच्या कर्करोगाची लक्षणं वेळीच ओळखा

दोन घास खाल्ले की पोट भरतं. परकराची नाडी घट्ट होते, पण हातपाय मात्र बारीक होत चाललेत. बाई म्हणते, 'गॅस झालाय.' मेडिकलमधून गोळी येते, ओवा-हिंग होतं आणि खुरपणीचं काम काही थांबत नाही. बहुतेक वेळा तो खरंच गॅस असतो. पण कधीकधी हाच त्रास अंडाशयाच्या कर्करोगाचा असतो आणि गोळ्या खाण्यात महिने निघून जातात.

आजार उशिरा का कळतो?

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं असतात. डॉक्टर त्यांना 'ओव्हरी' म्हणतात. ती पोटात खोलवर असल्यानं तिथली गाठ सुरुवातीला हाताला लागत नाही, फारशी दुखतही नाही. त्यामुळे बहुतेक रुग्णांत आजार पोटात पसरल्यावरच लक्षात येतो. अंडाशयापुरता असतानाच तो सापडला, तर दहापैकी साधारण नऊ जणी पाच वर्षांनंतरही हयात असतात. पसरल्यावर सापडला तर हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं.

ही चार लक्षणं लक्षात ठेवा

- पोट सतत फुगलेलं राहणं, घेर वाढणं
- थोडं खाल्लं तरी पोट भरणं, भूक मरणं
- ओटीपोटात किंवा पोटात दुखणं
- वारंवार किंवा घाईनं लघवीला जावं लागणं

पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं किंवा कारण नसताना वजन उतरलं, तर थांबूच नये. हा आजार पन्नाशीनंतर जास्त दिसतो, पण तरुण वयातही होतो. त्रास नवा असेल आणि दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज होत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

'पिशवी काढलीय, आता कसली भीती?'

हा मोठा गैरसमज आहे. बीडसह अनेक भागांत ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भपिशवी कमी वयातच काढलेली आहे. पण पिशवी काढताना अंडाशयं अनेकदा तशीच ठेवली जातात. ती असतील तर धोकाही असतो. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधून डॉक्टरांना दाखवा आणि अंडाशयं काढलीत की ठेवलीत, हे विचारा.

दुसरा गैरसमज तपासणीचा. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी 'नॉर्मल' आली म्हणजे अंडाशयही ठीक आहे, असं नाही. त्या तपासणीत अंडाशयाचा कर्करोग कळत नाही.

तपासणी कोणती?

पहिली पायरी सोनोग्राफीची. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात त्याबद्दल विचारावं. सोबत 'सीए-१२५' ही रक्ताची तपासणी सांगितली जाते. पोटाचा टीबी, गर्भपिशवीच्या गाठी, इतकंच काय, पाळी चालू असतानाही हा आकडा वाढू शकतो. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून घाबरू नये आणि निश्चिंतही होऊ नये. अंडाशयातल्या बहुतेक पाण्याच्या गाठी साध्याच असतात. मात्र गाठ संशयास्पद असेल, तर जवळच्या दवाखान्यात घाईनं काढून घेऊ नका. ती न फुटता निघणं आणि आजार कुठवर गेलाय हे त्याच वेळी नीट तपासणं महत्त्वाचं असतं. म्हणून ऑपरेशन कर्करोगाच्या सर्जनकडेच करावं. त्यानंतर बहुतेकींना केमोथेरपी लागते. ती साधारण दर तीन आठवड्यांनी, सहा वेळा देतात. केस जातात, पण ते परत येतात.

आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर ते आवर्जून सांगा. वडिलांकडची नातीही यात धरली जातात.

उपचार आणि आधार कुठे?

मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आणि नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल इथे कर्करोगावर उपचार होतात.

- खर्च: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच भेटा. हेल्पलाइन १५५३८८.
- प्रवास: उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपरमध्ये रुग्णाला तिकीट माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.
- मुक्काम: मुंबईत परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा इथे रुग्ण व नातेवाइकांची सोय होते. जागा मिळेल का, ते आधी विचारून घ्या.
- मनाचा आधार: रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारा. उपचार घेऊन बऱ्या झालेल्या बाईशी बोलता आलं, की निम्मी भीती कमी होते.

घरच्यांनी एक करावं: तिला एकटीला पाठवू नये. सगळे कागद एका फायलीत ठेवावेत.

आणि बायांनो, आजपासून एवढं करा. ज्या दिवशी पोट फुगेल किंवा दुखेल, त्या दिवसावर भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये खूण करा. खुणा वाढत गेल्या, तर ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, 'इतके दिवस त्रास होतोय, सोनोग्राफी करायची का?'