फांद्या जाळू नका, झाडाखाली पसरा

उन्हाळ्यात मावळात फिरलं की भातखाचरांच्या कडेला काळे चौकोन दिसतात. ते राबाचे. शेण, टहाळ, गवत, पालापाचोळा एकावर एक रचून पेटवायचं आणि पावसाच्या तोंडावर त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं बी टाकायचं, ही इथली जुनी रीत. तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं. पण फांद्यांमधला बहुतेक कर्ब आणि नत्र धुरावाटे निघून जातं, आणि मातीला खरी गरज असते ती कर्बाचीच.

टोलनाक्यामुळे सर्वांना ठाऊक झालेल्या उर्से गावाच्या आसपास आता खाचरांशेजारी कारखाने आणि बंगले उभे आहेत. बांधकामात वरची सुपीक माती उकरली जाते, भरावाला मुरूम येतो आणि त्यावरच बाग लावली जाते. पावसाळ्यात सरींच्या माऱ्याने उरलीसुरली माती वाहते; मार्चनंतर तीच जमीन दगडासारखी टणक होते. अशा जमिनीवर छाटलेल्या फांद्यांच्या ढलप्यांचं आच्छादन उत्तम काम करतं.

थेंबांचा मार ढलप्यांवर बसतो, पाणी सावकाश मुरतं, उन्हाळ्यात ओल टिकते, तण दबतं. मातीला लागून असलेल्या थरात बुरशी वाढते. लाकडाला कठीणपणा देणारं लिग्निन फोडणं हे मुख्यतः बुरशीचंच काम. ते हळू चालतं, पण त्यातून तयार होणारा ह्यूमस टिकाऊ असतो. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी विनानांगरणी शेती करताना हाच मुद्दा आग्रहाने मांडला आहे: कोवळा पाला लवकर कुजतो आणि लवकर संपतो, जून आणि कठीण अवशेष जमिनीला दीर्घकाळ पोसतात.

ढलप्यांनी झाडं पिवळी पडतात, अशी तक्रार बागकाम करणारे करतात. ती खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. लाकडात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे ४००पर्यंत भाग असू शकतात. जिवाणूंना हे प्रमाण २५-३०च्या आसपास लागतं, म्हणून उरलेलं नत्र ते मातीतून ओढतात. ढलप्या मातीत मिसळल्या तर मुळांपाशीच टंचाई होते. वर पसरल्या तर ती पृष्ठभागाच्या पातळ थरापुरती राहते. म्हणून ढलप्या गाडायच्या नाहीत. भाजीच्या वाफ्यात आणि कोवळ्या रोपांपाशी त्या टाळलेल्याच बऱ्या.

बारीक फांद्या जास्त मोलाच्या. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात लावाल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सात सेंटीमीटरपेक्षा कमी जाडीच्या फांद्यांवर भर दिला, कारण झाडाची पोषणद्रव्यं तिथेच जास्त असतात. आपल्याकडे बांधावरचं गिरिपुष्प यासाठी हाताशी आहे. चारसूत्री भातलागवडीत त्याचा पाला चिखलात गाडतात. पाला उतरवल्यावर उरलेल्या काटक्या बागेला देता येतात.

थर तीन-चार इंचांचा पुरे. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर साल ओली राहून कुजते. वाळवी लाकडाकडे येते, तेव्हा घराच्या भिंतीपासून ढलप्या लांबच ठेवाव्यात. रंग दिलेलं किंवा वाळवीचं औषध मारलेलं लाकूड, प्लायवूडचे तुकडे यांना बागेत थारा नको.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१६मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. पुण्यात त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘ब्राउन लीफ’ उपक्रमाने वाळका पाला नको असलेल्यांना तो हवा असलेल्यांशी जोडून दिलं. मावळातल्या सोसायट्यांनी आणि कारखान्यांनी फांद्यांसाठीही असंच करावं. पुढच्या छाटणीला एक फांद्या बारीक करणारं यंत्र मिळून भाड्याने आणावं आणि ढलप्या आवाराबाहेर जाऊ देऊ नयेत.